वेब डेव्हलपर म्हणून रिमोट काम कसं मिळवायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

रिमोट कामाची चांगली जाहिरात पडली की दिवसभरात अर्जांचा ढीग लागतो. त्यातला बहुतेक ढीग वाचणारा माणूस भराभर बाजूला सारतो, आणि बाजूला पडणाऱ्यांत चांगला कोड लिहिणारेही असतात. मी आधी अर्ज करणाऱ्यांत होतो. आता टीमसाठी माणूस हवा असला की अर्ज चाळायला मलाही बसवतात. दोन्ही बाजू पाहून माझं मत असं झालंय की रिमोट भरतीचा सगळा खेळ लेखी पुराव्यावर चालतो. समोरचा तुम्हाला भेटलेला नसतो, कदाचित कधी भेटणारही नसतो. तुमचा रेपो (कोड ठेवलेली जागा), त्यातलं रीडमी (तो कोड समजावणारी फाइल), अर्जातली चार-पाच वाक्यं आणि ईमेलला दिलेलं उत्तर, एवढ्यावर त्याला ठरवायचं असतं की हा माणूस नजरेआड नीट काम करेल की नाही.

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एखादी फ्रेमवर्क, गिट आणि थोडंफार बॅक-एंड तुम्हाला येतं, असं धरून पुढे लिहितोय. ते अजून येत नसेल तर आधी ते शिका, ही पायरी गाळता येत नाही.

## १. जाहिरातीतली ठिकाणाची अट आधी वाचा

वर ठळक अक्षरांत 'रिमोट' असतं आणि खरी अट खाली कुठेतरी लपलेली असते. साधारण हे प्रकार दिसतात:

- जगात कुठूनही चालेल. या जागा खरंच कमी असतात आणि गर्दी सगळ्यात जास्त इथेच.
- एकाच देशात राहणारा हवा. 'रिमोट, यूएस' लिहिलंय म्हणजे अमेरिकेत राहणारा आणि तिथे काम करायची कायदेशीर परवानगी असलेला.
- ठरावीक टाइम झोनच्या आसपास राहणारा हवा, उदाहरणार्थ 'सीईटी (मध्य युरोपची वेळ), तीन तास मागेपुढे'.
- नावाला रिमोट, पण आठवड्यातून एक-दोन दिवस ऑफिस. हे हायब्रिड झालं, वेळ घालवू नका.

देशाची अट असली तरी अर्ज टाकून बघावा का, हे मला वारंवार विचारलं जातं. माझं उत्तर: नको. ती अट कोणाच्या लहरीवर नसते. कंपनीला एखाद्या देशात पगारी माणूस ठेवायचा असेल तर तिथे नोंदणी, कर आणि कामगार कायदे सांभाळावे लागतात, नाहीतर 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' म्हणजे कागदोपत्री मालक म्हणून उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या कंपनीला दर महिन्याला शुल्क द्यावं लागतं. डील, रिमोट, ऑयस्टर या कंपन्या हेच काम करतात. एका ज्युनिअरसाठी छोटी कंपनी एवढा खटाटोप करत नाही. मात्र 'कॉन्ट्रॅक्टरही चालेल' असं लिहिलेलं असेल तर दोन ओळींचा ईमेल करून विचारायला हरकत नाही.

आता वेळेचं गणित. आपली उपलब्ध वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, काढून ठेवा. टीम यूटीसी-५ मध्ये सकाळी ९ ला कामाला बसत असेल तर तेव्हा यूटीसीत १४:०० वाजलेले असतात. तुम्ही यूटीसी+३ मध्ये असाल तर तुमच्याकडे संध्याकाळचे ५. चार तासांचा ओव्हरलॅप (दोघांनी एकाच वेळी कामावर असणं) मागितला की रात्री ९ पर्यंत बसणं आलं. हे रोज, वर्षभर जमेल का, याचा विचार अर्ज करण्याआधी करा.

शिवाय हे गणित वर्षभर एकच राहत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि बर्लिनमधलं अंतर एका तासाने कमी होतं. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मुलाखतीला तासभर उशिरा पोहोचणारे बरेच जण याच दिवसांत सापडतात. मुलाखतीची वेळ नेहमी कॅलेंडर इन्व्हाइटवर मागून घ्या, तोंडी आकडेमोडीवर विसंबू नका.

## २. नोकरी, कॉन्ट्रॅक्ट की फ्रीलान्स, ते ठरवा

पहिलीच नोकरी रिमोट मिळणं अवघड असतं, हे सांगून टाकतो. ज्युनिअरला हाताशी कोणीतरी लागतं आणि दूर बसलेल्या टीमला ते देणं जड जातं. म्हणून बऱ्याच रिमोट जागांना दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. याचा अर्थ दार बंद आहे असा नाही, पण वाट जरा वळणाची आहे. वर्षभर ऑफिसातली किंवा हायब्रिड नोकरी, छोट्या व्यवसायांची फ्रीलान्स कामं, किंवा तीन-सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट यांपैकी काहीही केलंत तरी पुढच्या अर्जात 'मी खऱ्या ग्राहकासाठी, खऱ्या डेडलाइनला काम केलंय' असं लिहिता येतं.

अपवर्कसारख्या साइटवर सुरुवात करणार असाल तर तिथे बोली लावायलाही 'कनेक्ट्स' (साइटची टोकन) खर्चावी लागतात, शिवाय मिळालेल्या पैशातून साइट आपला वाटा कापते. ठरीव रकमेच्या कामात माइलस्टोनचे (कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटकडे राखीव, जमा झालेत का ते पाहूनच काम सुरू करा. तासाच्या कामात त्यांचं ट्रॅकर सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांच्या तुकड्यात एकदा तुमच्या स्क्रीनचा फोटो घेतं आणि वाद झाला तर पैशांची हमी त्यावर अवलंबून असते. ज्यांना हे खपत नाही त्यांनी ठरीव रकमेचंच काम घ्यावं.

## ३. दाखवण्यासारखं एक काम तयार करा

एकच, पण पुरं केलेलं.

टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं ॲप आणि व्हिडिओ साइटची नक्कल या तीन गोष्टी मी एवढ्या वेळा पाहिल्यात की त्यांच्या लिंकवर आता क्लिकही करत नाही. ट्युटोरियल बघून केलेला प्रोजेक्ट ओळखायला वेळ लागत नाही, कारण सगळ्यांच्या फोल्डरची नावं तीच असतात. त्याऐवजी एखाद्या खऱ्या माणसाची छोटी अडचण घ्या. वाचनालयाची देवघेव नोंद, वाद्य शिकवणाऱ्या मास्तरांसाठी वर्गांचं वेळापत्रक, हौशी क्रीडा संघाची हजेरी. वापरणारे पाच जण असले तरी पुरे, पण ते पाच जण खरे हवेत. कारण ते वापरायला लागले की अशा गोष्टी समोर येतात ज्या ट्युटोरियलमध्ये येत नाहीत: कोणीतरी तारीख उलटी टाकतो, कोणीतरी एकाच बटणावर दोनदा दाबतो आणि नोंद दोनदा पडते, कोणाचा फोन आठ वर्षं जुना निघतो. या अडचणी तुम्ही कशा सोडवल्या, ते मुलाखतीत सांगण्यासारखं असतं.

तांत्रिक बाजूने काही गोष्टी बघून घ्या.

लिंक लगेच उघडली पाहिजे. रेंडर या होस्टिंग सेवेच्या मोफत सर्व्हरवर १५ मिनिटं कोणी आलं नाही की तो झोपतो आणि पुढच्या पाहुण्याला जागा व्हायला साधारण एक मिनिट लावतो. तो पुढचा पाहुणा म्हणजे तुमचा अर्ज वाचणारा. त्याला पांढरी स्क्रीन दिसते आणि तो टॅब बंद करतो. स्टॅटिक भाग गिटहब पेजेस, नेटलिफाय, व्हर्सेल किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवा म्हणजे निदान पान लगेच दिसेल. बॅक-एंड मोफत सर्व्हरवर असेल तर 'सर्व्हर सुरू होतोय, थोडं थांबा' एवढं तरी पानावर येऊ द्या.

जुनी ट्युटोरियल बघून साधनं निवडू नका. हेरोकू या होस्टिंगची मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तरी ती वापरा म्हणणारे लेख अजून सापडतात. 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे नवा रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करायचं साधन रिॲक्टच्या टीमने फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं. नव्या प्रोजेक्टमध्ये ते दिसलं की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही कुठून शिकलात. त्याऐवजी व्हीट (Vite) हे साधन किंवा एखादी पूर्ण फ्रेमवर्क वापरा.

वेग आणि ॲक्सेसिबिलिटी (सगळ्यांना वापरता येणं) तपासा. क्रोममध्येच लाइटहाउस हे तपासणीचं साधन आहे. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सप्रमाणे मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा (एलसीपी), क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा (आयएनपी, मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी हेच धरतात) आणि पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा (सीएलएस). मग माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि एस्केप वापरून आपलं ॲप चालवून बघा. बहुतेकांचं ॲप पहिल्या ड्रॉपडाउनलाच अडकतं. तुमचं अडकलं नाही, तर रीडमीत तसं लिहा.

रीडमीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण कोड वाचण्याआधी सगळे तेच वाचतात. काय आहे, कोणासाठी आहे, एक स्क्रीनशॉट, लाइव्ह लिंक, आपल्या मशीनवर कसं चालवायचं, आणि शेवटी 'हे असं का केलं' याचे दोन-तीन परिच्छेद. शेवटचा भाग जवळजवळ कोणीच लिहीत नाही. 'पोस्टग्रेस घेतलं, कारण एकाच वर्गात दोघांची नोंद एकाच क्षणी पडू नये यासाठी युनिक कन्स्ट्रेंट हवा होता' हे एक वाक्य दहा लायब्ररींच्या नावांपेक्षा जास्त सांगून जातं.

## ४. गिटहबचं घर आवरा

गिटहबवर सहा रेपो पिन करता येतात. सहाच्या सहा भरायलाच हवेत असं नाही, दोन चांगले असतील तर दोनच पिन करा. अर्धवट सोडलेले सराव-रेपो प्रायव्हेट करा किंवा अर्काइव्ह करा.

तुमच्या कमिट्स प्रोफाइलवर दिसत नसतील तर बहुधा गिटमध्ये टाकलेला ईमेल गिटहबच्या खात्याला जोडलेला नसेल. तो खात्यात जोडला की जुन्या कमिट्सही दिसू लागतात.

आणि हे आजच करा: रेपोत कधी चुकून पासवर्ड किंवा एपीआय की गेली होती का ते तपासा. अशा गुप्त गोष्टी ठेवायची डॉट-ईएनव्ही फाइल नंतर डिलीट केली तरी ती गिटच्या इतिहासात तशीच राहते, कोणीही जुनी कमिट उघडून वाचू शकतो. आधी ती की रद्द करून नवी घ्या, इतिहास साफ करण्याचं मागाहून बघा. बरेच जण उलट करतात.

ओपन सोर्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 'योगदान द्या' हा सल्ला सगळे देतात, मग लोक रीडमीतला एक स्वल्पविराम बदलून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) टाकतात आणि मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, वैतागतात. जी लायब्ररी तुम्ही स्वतः वापरताय तिच्यात अडलात, तर त्याच अडचणीवर काम करा. नीट लिहिलेला बग रिपोर्ट, पुन्हा घडवून दाखवणाऱ्या छोट्या कोडसकट, हेही योगदानच आहे. त्यावर झालेली चर्चा सगळ्यांना वाचता येते. तुम्ही अनोळखी लोकांशी लेखी कसं बोलता, ते तिथे आपोआप दिसतं.

## ५. बायोडेटा एका पानात

पीडीएफ, एक कॉलम, साधा फॉन्ट. अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि दोन कॉलम, आयकॉन आणि 'जावास्क्रिप्ट ८०%' असले पट्टे त्याला नीट वाचता येत नाहीत. माणसालाही त्या ८० टक्क्यांचा अर्थ कळत नाही. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांतलं काहीही नको. नावाखाली शहर, यूटीसीतला टाइम झोन, ईमेल, गिटहब आणि लाइव्ह प्रोजेक्टची लिंक.

कामाच्या ओळी निकालाच्या असू द्या. 'रिॲक्टमध्ये पेजेस बनवली' यातून काही कळत नाही. 'उत्पादनांच्या यादीचं पान मोबाइलवर सहा सेकंद घेत होतं, फोटो लेझी-लोड करून आणि नको ती लायब्ररी काढून ते अडीचवर आणलं' यातून कळतं. आकडे मात्र खरे हवेत, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

## ६. जागा कुठे शोधायच्या

वी वर्क रिमोटली आणि रिमोट ओके या रिमोट कामाच्याच साइट आहेत. स्टार्टअपसाठी वेलफाउंड बघा, पूर्वी ती एंजललिस्ट टॅलेंट होती. हॅकर न्यूज या चर्चेच्या साइटवर दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी 'हू इज हायरिंग' हा धागा निघतो. त्यात 'रिमोट' हा शब्द शोधा. तिथे पुष्कळदा टीममधलाच माणूस जाहिरात टाकतो आणि थेट ईमेल पत्ता देतो. लिंक्डइनवर रिमोटचा फिल्टर आहे, पण तिथली गर्दी फार. लिंक्डइनवर जागा सापडली तरी अर्ज कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवरून करा. जागा अजून खुली आहे की नाही, तेही तिथेच कळतं.

याहून चांगला मार्ग असा: ज्या कंपन्या पहिल्यापासून रिमोट आहेत त्यांची स्वतःची यादी करा. गिटलॅबचं हँडबुक उघड्यावर आहे. दूरच्या टीम कशा चालतात, निर्णय कुठे लिहितात, मीटिंग कधी टाळतात, हे तिथे वाचायला मिळतं. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने लेखी चॅटवर मुलाखत आणि मग पैसे देऊन ट्रायलचं काम, ही पद्धत रुजवली. या मोठ्या नावांत जागा मिळेलच असं नाही, पण त्यांच्याकडे भरती कशी होते ते वाचून छोट्या कंपन्यांची तयारी होते.

## ७. अर्ज थोडेच करा, पण नेमके

एका बसणीत पन्नास ठिकाणी तोच मजकूर चिकटवण्यापेक्षा आठवड्याला चार-पाच अर्ज नीट करा. एआयकडून लिहून घेतलेलं कव्हर लेटर आता लगेच ओळखू येतं. सगळे 'उत्साही' असतात आणि सगळ्यांना कंपनीचं 'ध्येय' भावलेलं असतं. व्याकरण तपासायला त्याची मदत जरूर घ्या, मजकूर मात्र तुमचा असू द्या.

अर्ज करण्याआधी त्यांचं प्रॉडक्ट उघडून वीस मिनिटं वापरा. मग असं काहीतरी लिहिता येतं (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मुद्दा कळावा म्हणून मराठीत):

"तुमचं डॉक्युमेंटेशन मी एका प्रोजेक्टसाठी वापरलं. छोट्या विंडोत डावीकडचा मेनू उघडला की तो एस्केपने बंद होत नाही, आणि टॅब दाबला की फोकस मेनूच्या मागच्या लिंकवर जातो. असाच प्रश्न मला माझ्या ॲपमध्ये आला होता, तो मी डायलॉग एलिमेंट वापरून सोडवला. पुल रिक्वेस्टची लिंक खाली आहे. तुम्ही टाइपस्क्रिप्टचा दोन वर्षांचा अनुभव मागितलाय, माझा एक वर्षाचा आहे. मी यूटीसी+३ मध्ये असतो आणि तुमच्या टीमबरोबर रोज चार तास मिळतील."

यात 'मी मेहनती आहे' कुठेही नाही. कमी असलेला अनुभव लपवलेला नाही. दोष दाखवताना सूर मात्र मदतीचा ठेवा, शहाणपणा शिकवण्याचा नको.

कुठे, कधी, कोणत्या मजकुराने अर्ज केला याची एक साधी शीट ठेवा. आठवड्याभराने एकदा आठवण करून द्या, त्यापुढे पाठपुरावा नको. उत्तर न येणं हे नेहमीचंच आहे, मनाला लावून घेऊ नका.

## ८. फसवणूक: डेव्हलपरसाठीचा खास सापळा

नेहमीचे सापळे बहुतेकांना माहीत असतात. सगळी मुलाखत टेलिग्रामवर चॅटमध्ये होते, कॅमेरा कोणी लावत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी पक्की. 'लॅपटॉप घ्यायला चेक पाठवतो, उरलेले पैसे आमच्या विक्रेत्याला पाठवा' म्हणतात, मग तो चेक परत येतो. नोंदणी किंवा ट्रेनिंगसाठी पैसे मागतात. किंवा ईमेलचं डोमेन खऱ्या कंपनीसारखं दिसतं, पण मध्ये एक अक्षर जास्त असतं. यांतलं एकही दिसलं तर तिथेच थांबा.

डेव्हलपरसाठी मात्र वेगळा सापळा आहे. तुम्हाला 'कोडिंग टेस्ट' म्हणून एक रेपो देतात आणि सांगतात, क्लोन करा, एनपीएम इन्स्टॉल चालवा, एक छोटा बग काढा, अर्धा तास आहे. पॅकेजमधल्या पोस्ट-इन्स्टॉल (इन्स्टॉलनंतर आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये किंवा एखाद्या लांबच लांब ओळीच्या टोकाला घातक कोड दडवलेला असतो. तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट पळवतो. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा मोहिमेची माहिती उघड केली आणि तिला 'कंटेजिअस इंटरव्ह्यू' असं नाव दिलं. तिचा धागा उत्तर कोरियाशी जोडला गेला. त्यानंतरही हे प्रकार थांबलेले नाहीत. घाई लावणं हा त्यातला मुख्य डाव, कारण घाईत कोणी पॅकेज फाइल वाचत नाही.

म्हणून अनोळखी रेपो आला की:

- आधी गिटहबवरच, क्लोन न करता, पॅकेज डॉट जेसन वाचा. स्क्रिप्ट्सचा भाग आणि अपरिचित पॅकेजची नावं बघा.
- व्हीएस कोडने 'या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का' विचारलं की 'नाही' म्हणा. फोल्डर उघडताच चालणारे टास्क त्यात असू शकतात.
- चालवायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, कोडस्पेसेससारख्या क्लाउडवरच्या वातावरणात किंवा ज्यात काहीच खाजगी नाही अशा मशीनवर चालवा. 'इग्नोर स्क्रिप्ट्स' हा पर्याय इन्स्टॉलच्या वेळच्या स्क्रिप्ट थांबवतो, पण ॲप सुरू केल्यावर चालणारा कोड थांबवत नाही, एवढं लक्षात असू द्या.
- 'मी हे वेगळ्या मशीनवर चालवतो, थोडा वेळ लागेल' असं सांगा. खऱ्या कंपनीची त्याला हरकत नसते.

## ९. मुलाखत आणि टेस्ट

आवाज चेहऱ्यापेक्षा महत्त्वाचा. साधा वायरचा हेडसेट चालेल, पण आवाज घुमता कामा नये. फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, स्क्रीन शेअर करण्याआधी नको ते टॅब बंद करा.

लाइव्ह कोडिंगमध्ये गप्प बसून कोड लिहिणाऱ्यापेक्षा बोलत बोलत अर्धा लिहिणाऱ्याला गुण जास्त मिळतात, असा माझा अनुभव. रिमोट टीमला विचार करण्याची पद्धत बघायची असते. 'अडलात तर काय करता?' हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो. 'गूगल करतो' हे उत्तर पुरत नाही. किती वेळ स्वतः झगडता, मग कोणाला, काय लिहून विचारता, ते सांगा. दोन निरोप बघा:

"लॉगिन चालत नाहीये. कोणी बघेल का?"

"स्टेजिंगवर लॉगिननंतर ४०१ येतोय. फक्त सफारीत, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ठीक आहे. एपीआय वेगळ्या डोमेनवर आहे आणि सफारी थर्ड-पार्टी कुकी अडवतो, त्यामुळे कुकी जात नसावी. एपीआय सबडोमेनवर आणून बघतोय. दुपारपर्यंत जमलं नाही तर कालचा बदल मागे घेतो."

पहिला निरोप वाचून दुसऱ्या टाइम झोनमधल्या सहकाऱ्याला काहीच करता येत नाही. तो उलटा प्रश्न विचारणार, उत्तर यायला तुमची रात्र जाणार, आणि एक दिवस वाया. दुसरा निरोप वाचून तो झोपण्याआधी उपाय सांगून जाईल.

घरी करायच्या टेस्टला किती वेळ अपेक्षित आहे ते आधी विचारा. तीन-चार तासांपर्यंत ठीक. त्यांच्या खऱ्या प्रॉडक्टचं फीचर फुकट बांधून मागत असतील आणि दोन-तीन दिवसांचं काम असेल तर पैसे मागा किंवा नम्रपणे नकार द्या. टेस्ट पुरी झाली नाही तर काय राहिलं आणि वेळ असता तर काय केलं असतं ते रीडमीत लिहा. अर्धवट पण नीट समजावलेली टेस्ट आम्ही पुढे पाठवलेली आहे.

## १०. ऑफर आली की

आनंदात सही करू नका. आधी बघा:

- तुम्ही कर्मचारी आहात, कॉन्ट्रॅक्टर आहात की एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डमार्फत. कॉन्ट्रॅक्टर असाल तर कर, विमा, सुट्टी, आजारपण सगळं तुमच्या खिशातून. मग दर त्या हिशेबाने मागा, पगाराला तासांनी भागून नको.
- पैसे कोणत्या चलनात, कधी, आणि इन्व्हॉइसनंतर किती दिवसांत. 'नेट ३०' म्हणजे तीस दिवसांत.
- पैसे पाठवण्याचा खर्च कोणाकडे. स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) आलेल्या रकमेतून मधल्या बँका वाटेत शुल्क कापतात. 'ओयूआर' पर्याय असेल तर खर्च पाठवणाऱ्याकडे, 'एसएचए' असेल तर वाटून, 'बीईएन' असेल तर सगळा तुमच्याकडे. वाइज किंवा पेओनीअर वापरणार असाल तर त्यांचेही दर आधी ताडून पाहा.
- तुम्ही स्वतःच्या वेळेत लिहिलेला कोड कोणाचा. काही करारांत 'या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं' असं असतं. तुमचे जुने प्रोजेक्ट नावानिशी वगळून घ्या.
- काम सोडण्याची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का. आणि मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकणार आहेत का.

कराबद्दल नेटवरच्या सल्ल्यावर जाऊ नका, आपल्या देशातल्या कर सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं: पासपोर्ट किंवा सरकारी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कर क्रमांक, बँकेचा आयबॅन किंवा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड, पदवीचं किंवा कोर्सचं प्रमाणपत्र (क्वचितच मागतात), दोन संदर्भ देणारे लोक, आणि इन्व्हॉइसचा साधा नमुना. अमेरिकेबाहेर राहून अमेरिकन कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट घेतलंत तर डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म भरून मागतात. तो कंपनीकडेच द्यायचा, तिथल्या कर खात्याकडे पाठवायचा नसतो. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत तो चालतो. ओळखपत्राची प्रत मात्र लेखी ऑफर हातात येण्याआधी कोणालाही देऊ नका.

## ११. पहिले काही दिवस

मशीनवर प्रोजेक्ट उभा करताना तुम्ही कुठेतरी अडणारच. कुठली पायरी रीडमीत नव्हती, कुठली व्हर्जन जुनी होती, ते टिपून ठेवा आणि तुमची पहिली पुल रिक्वेस्ट त्या दुरुस्तीचीच टाका. काम छोटं असतं, कोणाशी वाद होत नाही, आणि रिव्ह्यूची, ब्रँचच्या नावांची, डिप्लॉयची पद्धत त्यातच कळून जाते. दिवस संपवताना काय झालं, काय राहिलं आणि कोणाच्या उत्तराची वाट बघताय, हे तीन ओळींत टीमच्या चॅनेलवर लिहा. कोणी मागितलं नसलं तरी लिहा.